पुसलेला ग्लास

डॉक्टरआजोबांनी जगमधलं सरबत आधी स्वतःच्या कपात ओतलं, सगळ्या पोरांना दिसेल असा एक मोठा घोट घेतला, मिटक्या मारल्या, आणि मग ओळीनं मांडलेल्या ग्लासांपैकी एकेक उचलून खिशातल्या पांढऱ्या रुमालानं आतून पुसायला लागले. दोन बोटांवर रुमाल ताणायचा, बोटं ग्लासात घालायची, तळापासून काठापर्यंत एकच वळसा, आणि ग्लास उजेडाकडे धरून बघायचा. मग सरबत. मग पोराच्या हातात. ज्या मुलाचा वाढदिवस होता त्याची आई म्हणाली, डॉक्टर, ग्लास स्वच्छच आहेत हो, आत्ताच धुतलेत. त्यावर ते हसून म्हणाले की हात ऐकत नाहीत, जुनी सवय आहे. मी तेव्हा माझ्या लेकीच्या, खारूच्या हनुवटीखाली कागदी टोपीचा रबर अडकवत होते. तो माझ्या बोटांतून सुटला आणि सटकन तिच्या गालावर बसला. ती रडायला लागली आणि सगळ्यांना वाटलं, त्यामुळेच मी पांढरीफटक पडले. मी तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. तोवर तो अर्धा रिकामा झाला होता.

घरी आल्यावर मी तिला खिडकीशी बसवलं आणि तिच्या डोळ्यांत टॉर्च मारत राहिले. चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, लोकांचे डोळे तपासायचं माझं काम. टॉर्च पर्समध्येच असते. बाहुली उजेडात आकसत होती, उजेड काढला की फुलत होती. जशी असायला हवी तशी. खारूला वाटलं खेळ आहे. दोन्ही गालांत बिस्किट कोंबून ती माझ्याकडे टकामका बघत बसली. ह्या गालांमुळेच तिचं नाव खारू पडलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, काय झालं, आणि मी सांगितलं की खालच्या डॉक्टरांनी ग्लास आतून पुसला. तो आत येऊन माझ्याशेजारी बसला. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "तू परत ते वाचायला लागलीस का?"

ते म्हणजे फोनवरचं. खारू अंगावर पीत होती तेव्हाची सवय, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात फोन. ठिकठिकाणच्या सैन्यांनी म्हणे माणसांच्या मनावर औषधं करून पाहिली. कुणी लिहायचं, आख्ख्या शहरावर धुकं सोडलं होतं. कुणी लिहायचं, शिपायांना असं काही पाजलं की ते बंदुका टाकून झाडांशी गप्पा मारत बसले. कुणाच्या मते दाढेत यंत्रं बसवली, कुणाच्या मते मांजरांना हेर केलं. एका बाईच्या भावाला बातम्या देणारी बाई पडद्यातून हुकूम सोडायची, आणि खाली ओळीनं अनोळखी माणसं त्या बाईला धीर देत होती. मला हसू यायचं. शिकलेली बाई आहे मी, आपल्याला वाटतं आणि आपल्याला दिसतं ह्यातला फरक समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो. पण त्या सगळ्या कचऱ्यात मधेच एखादं साधं वाक्य यायचं आणि पायाखालचं काहीतरी सरकायचं. 'आमचे वडील म्हातारपणीही कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हते.' एवढंच. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मी त्याला विचारलं, मग कसं पीत होते? उत्तर आलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, इंटरनेटवर पृथ्वी सपाटही असते. तुझ्या बाबांना आजार होता, त्या आजाराला नाव आहे, त्यावर गोळ्याही आहेत. तो वाईट माणूस नाही. त्यानं बाबांना पाहिलं तेच त्यांच्या शेवटच्या वर्षांत, जेव्हा ते कोपऱ्यातली एखादी वस्तू असल्यासारखे झाले होते.

बाबा ओंजळीनं पाणी प्यायचे. घरात, बाहेर, लग्नकार्यात, कुठंही. नळ शोधायचा, खाली वाकायचं, दोन्ही हात जोडून त्यात धार घ्यायची. सैन्यातून त्यांना लवकर घरी पाठवलं होतं आणि नंतर ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे हाताला कायम तेलाचा वास. त्यांच्या ओंजळीतलं पाणी मी लहानपणी प्यायले आहे. त्याला लोखंडाची आणि तेलाची चव होती, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की पाण्याची चव अशीच असते. गल्लीत त्यांना ओंजळवाले म्हणायचे. मामा तर पाहुण्यांसमोर म्हणायचा, आमच्या भाऊजींना आख्खी नदी द्या, पण पेला देऊ नका. सगळे हसायचे, आई सगळ्यांत मोठ्यानं हसायची आणि मग आत जाऊन उगाच भांडी आपटायची. गोष्ट बाबा एकच सांगायचे आणि ती कधी बदलायची नाही. सर्दीवरचं नवीन औषध आहे, असं सांगितलं होतं. स्वखुशीनं नाव देणाऱ्याला घरी जायला सुट्टी मिळणार होती. मी नुकतीच जन्मले होते. पोरीचं तोंड बघायला मिळेल म्हणून त्यांनी नाव दिलं. एका बराकीत लांब टेबल, टेबलावर सरबताचा जग, आणि तरुण डॉक्टरसाहेब. साहेब आधी स्वतः प्यायचे, म्हणजे शिपाई निर्धास्त. मग औषधात भिजवलेल्या कापडाच्या बोळ्यानं ग्लास आतून पुसायचे, स्वच्छतेसाठी म्हणून, तळापासून काठापर्यंत एक वळसा. मग सरबत. मशीनच्या पट्ट्याला गाठ मारता मारता बाबा म्हणायचे, "सरबतात काही नव्हतं गं. जे होतं ते त्या बोळ्यात होतं." नंतर साहेब घड्याळ घेऊन समोर बसायचे आणि परत परत विचारायचे, आता कसं दिसतंय? आता?

कसं दिसत होतं, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. सुट्टीवर आले, आईनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि त्यांनी मला घाईघाईनं खाली ठेवून दिलं. म्हणाले, हिला तोंड नाही. ज्या तोंडासाठी नाव दिलं तेच त्यांना दिसेना. पुढे दिसत असावं, कारण रस्त्यात ते मला ओळखायचे, माझं नाक वाहिलं तर पुसायचे. पण सरळ माझ्याकडे त्यांनी कधीच पाहिलं नाही. पाहायचे माझ्या कानाच्या बाजूला, जरा मागे, जणू तिथं कुणी उभं आहे. मी त्यांच्या नजरेच्या वाटेत येऊन उभी राहायचे. डावीकडे सरकायचे, उजवीकडे सरकायचे, नाचल्यासारखं. ते पण नजर सरकवायचे. मी चष्म्याच्या दुकानात का गेले, हे मला मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा मी पगाराचं आणि सोयीच्या वेळांचं कारण दिलं. आईनं सैन्याच्या कचेरीत खेटे घातले तेव्हा तिला तोंडी सांगण्यात आलं की असला प्रयोग कधी झालाच नाही, आणि बाई, तुमच्या घराण्यात आधी कुणाला असं होतं का? बाबा गेले तेव्हा मी अगदी त्यांच्या समोर वाकले होते. डोळे उघडे होते. तेव्हाही ते कानाशीच बघत होते.

आणि आता तो माणूस आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आला होता, लेकीजवळ राहावं म्हणून. सैन्यात होते, मग मुलांचे डॉक्टर झाले, आता निवृत्त. ताठ पाठ, स्वच्छ शर्ट, सगळ्या पोरांचे आजोबा. वाढदिवसाच्या त्या दिवसानंतर मी मनातल्या मनात त्यांना अरे-तुरे करायला लागले. तोंडानं 'आजोबा, बरं आहे ना?' आणि आत 'थेरड्या, थांब जरा.' कपडे वाळत घालताना मी गॅलरीतून त्याला बघायचे. तो चालायचा, झाडांना पाणी घालायचा, रखवालदाराच्या नातवाचा घसा तपासायचा. त्याला सगळं दिसत होतं. पोरांच्या चेहऱ्यांकडे तो सरळ बघायचा, हनुवटी वर उचलून, डोळ्यांत डोळे घालून, आणि ते बघून माझ्या दातांत कळ यायची. पोळी लाटताना मी त्याला शिक्षा करायचे. सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये उभी राहून त्याचं पितळ उघडं पाडायचे, मग माझंच मन नवऱ्याच्या आवाजात विचारायचं, पुरावा? एक रुमाल? जगात रुमालानं ग्लास पुसणारी माणसं कमी आहेत का? हे खरं होतं. मला पुरावा हवा होता की त्याला वेदना व्हायला हव्या होत्या, हे मी स्वतःला विचारलं नाही. खारूला मात्र मी त्याच्या सावलीला उभी करत नव्हते, आणि ती रोज रडून आजोबांकडे जायचं म्हणायची.

मग तोच दुकानात आला. लेक त्याला सोडून बाजारात गेली. मागच्या खोलीत मी दिवा मालवला, त्याची हनुवटी टेकणीवर बसवली, कपाळ पट्टीला लावलं, आणि त्याचा मोठा, ओलसर, फिकट झालेला डोळा माझ्या समोर आला. इतक्या जवळून मी बाबांचाही डोळा पाहिला नव्हता. मी भिंगं बदलत गेले. आता कसं दिसतंय? आता? आधीचं चांगलं की हे? तो आज्ञाधारकपणे सांगत होता, हे जरा धूसर, हे बरं, हे नक्की सांगता येत नाही, बाळा. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो माझा वाटत नव्हता. मनात आलं, नंबर चुकवावा. काच थोडी तिरकी बसवली की जिन्याच्या पायऱ्या हलायला लागतात, माणूस पडतो, कुणाला कळतही नाही. पण तसला सूड घेणारी माणसं वेगळी. मला त्याला नीट दिसायला हवं होतं. आयुष्यात घेतली नसेल एवढी काळजी घेऊन मी त्याचा नंबर काढला, आणि म्हटलं, चष्मा तयार झाला की मीच घेऊन येईन, आजोबा, एकाच इमारतीत तर राहतो.

रविवारी दुपारी गेले. खारू बापाजवळ झोपली होती. त्याची लेक बाहेर गेली होती, तो एकटाच होता. खोली नीटनेटकी, टेबलावर पाण्याचा जग आणि उपडे घातलेले ग्लास, भिंतीवर गणवेशातल्या तरुणांचा फोटो. चष्मा त्याच्या कानांवर बसवून मी दांड्या जुळवल्या. तो लहान मुलासारखा खूश झाला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक आकडे वाचून दाखवले, फोटोतले चेहरे ओळखून दाखवले, हा गेला, हाही गेला, हा मी. मग खोकला, आणि म्हणाला, जरा पाणी दे गं. मी जगमधलं पाणी आधी एका कपात घेतलं आणि त्याच्यासमोर प्यायले. खरंच तहान लागली होती. मग एक ग्लास सरळ केला, आणि माझा हात सवयीनं खिशात गेला. भिंगं पुसायचं पिवळं फडकं तिथं कायम असतं. तिथपर्यंत ते सवयीनं झालं. पुढचं सवयीनं नाही झालं. मी फडकं दोन बोटांवर ताणलं, ग्लासात घातलं, तळापासून काठापर्यंत एक वळसा दिला आणि ग्लास उजेडाकडे धरला. पाणी ओतलं. त्याच्यासमोर धरलं. तो माझ्या हाताकडे बघत होता, नव्या चष्म्यातून, अगदी स्पष्ट. चेहऱ्यावरचा आजोबा हळूहळू उतरला आणि खाली एक दुसरा माणूस दिसायला लागला, जो मी कधी पाहिला नव्हता आणि जन्मापासून ओळखत होते.

"तुझे वडील कुठल्या तुकडीत होते?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "प्या."

तो ग्लास भिरकावून देईल असं मला वाटलं होतं, किंवा हसून बाजूला ठेवेल. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला आणि एका दमात रिकामा केला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मग त्यानं ग्लास टेबलावर ठेवला, पाठ ताठ केली आणि विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, ते तुम्हालाच माहीत. समोरची खुर्ची ओढून मी बसले. मला घाई नव्हती. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. काही वेळानं त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. त्यानं गळ्याशी बोट घातलं. हात उलटसुलट करून बघितले. मी विचारलं, आता कसं दिसतंय? तो म्हणाला, फोटोची चौकट श्वास घेतेय. मी विचारलं, आता? तो म्हणाला, तुझ्या आवाजाला मागे आणखी एक आवाज आहे. ते नुसतं नळाचं पाणी होतं आणि फडक्यात भिंगांवरच्या बोटांच्या ठशांशिवाय काही नव्हतं. माझ्या छातीत इतकं गार, इतकं गोड काहीतरी पसरत होतं की मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटत नव्हती.

मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. बोळे आतल्या खोलीतून यायचे. निम्म्यांत औषध, निम्म्यांत नुसतं पाणी, तुलनेसाठी. कुठल्या ग्लासात काय गेलं ते त्याला सांगत नसत. त्याला ठाऊक असेल तर त्याच्या चेहऱ्यावरून शिपायाला कळेल, म्हणून. यादी वरचे ठेवायचे, ती पुढे जाळली. त्यालाही नाव देण्याबद्दल बढती होती. मी विचारलं, एक होता, त्याला नुकतीच मुलगी झाली होती, आठवतो? त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सगळ्यांनाच कुणीतरी झालेलं असायचं, पोरी. सुट्टी मिळायची ना." मग खाली बघून सांगितलं की गंमत अशी, नुसतं पाणी मिळालेलेही कधी कधी ओरडत उठायचे. शेजारच्याचं बघून. आणि त्यांचं लवकर उतरायचं नाही, कारण उतरायला काही नसायचंच.

गंमत, असं म्हणाला तो. मी उठले. त्यानं माझी ओढणी पकडली, जोरात नाही, बुडणाऱ्यानं काठावरचं गवत धरावं तशी. म्हणाला, त्या फडक्यात काय होतं तेवढं सांगून जा. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं? ओढणी सोडवून घेतली आणि दार हलक्या हातानं लावून आले. जिन्यात मी कठड्याला धरून बसले. एवढी वर्षं मी त्या बोळ्याचा द्वेष केला, त्या औषधाला निरनिराळे रंग दिले, नावं दिली. आणि कदाचित बाबा लिंबू आणि साखर प्यायले होते. कदाचित त्यांच्या ग्लासात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच-नाहीनं त्यांचा जन्म खाल्ला, आईचा खाल्ला, माझं तोंड खाल्लं. 'बोळ्यात नुसतं पाणी होतं, शिपाया, घरी जा', एवढं वाक्य कुणी बोललं असतं तर. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तो म्हणाला असता, मग झालं तर, औषध नव्हतंच. त्याला कळलं नसतं की त्यामुळे माझा राग निम्मा झाला नाही, दुप्पट झाला.

पुढचे काही दिवस इमारतीत कुजबूज होती. डॉक्टर लेकीच्या हातचा चहा घेत नाहीत. ग्लास दिला की ठेवून देतात. लेक मला जिन्यात भेटली, डोळ्यांखाली काळं झालेलं. विचारायला लागली की तू चष्मा द्यायला आली होतीस त्या दिवशी बाबा काही वेगळे वाटले का. बाबा म्हणाली ती. मी म्हटलं, नाही हो ताई, डोळे उत्तम आहेत त्यांचे.

आज संध्याकाळी खारूला घेऊन खाली गेले. बागेतल्या नळाशी तो वाकला होता. नवा चष्मा खिशात ठेवलेला, शर्टाचा पुढचा भाग भिजलेला, दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली. रखवालदार बाजूच्याला म्हणाला की साहेबांनी भांडी धुण्याचा खर्च वाचवला, आणि दोघं हसले, मामा हसायचा तसे. मी बाकावर बसले. त्यानं मान वर केली, मला बघितलं. वाट बघत होता तो. पाणीच होतं, एवढंच म्हणायचं होतं मला; तेवढ्याला श्वासही घ्यावा लागत नाही. ते दोन शब्द मी जिभेवर घोळवले. त्यांना लोखंडाची आणि तेलाची चव होती. मी ते गिळले आणि त्याच्याकडे सरळ बघत राहिले. शेवटी त्याचीच नजर हलली, जरा बाजूला, माझ्या कानाशी कुठंतरी जाऊन थांबली.

खारू म्हणाली, तहान लागली. मी पिशवीतून तिची बाटली काढून झाकण उघडून दिली. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग नळाकडे, आणि बाटली माझ्या मांडीवर परत ठेवली. पळत गेली, त्याच्या शेजारी उकिडवी बसली, आणि आपले इवलेसे हात जोडून धारेखाली धरले. पाणी बोटांतून निसटत होतं. तिनं वळून मला हाक मारली, कसं धरायचं ते दाखव म्हणून.

मी उठले, तिच्या मागे जाऊन बसले, आणि भिजू नयेत म्हणून तिच्या बाह्या नीट वर दुमडल्या.